स्वीकाराचे राजकारण : फासबिंडर यांच्या एका चित्रपटाविषयी

राइनर वेर्नर फासबिंडर यांच्या ‘आंग्स्ट एस्सेन झेले आउफ’ (१९७४) या चित्रपटाचे शीर्षकच व्याकरणदृष्ट्या सदोष आहे. ‘भय आत्म्याला खाऊन टाकते’ हा आशय तेथे परक्या कामगाराच्या मोडक्या जर्मनमध्ये, क्रियापदाचे रूप न चालवता येतो. प्रमाणभाषेने ज्याला सामावून घेतलेले नाही त्याची वाक्यरचना शीर्षस्थानी ठेवणे, ही या संहितेची पहिली भूमिका होय.

पश्चिम जर्मनीने १९५५ मध्ये इटलीशी आणि १९६३ मध्ये मोरोक्कोशी कामगारभरतीचे करार केले. नोव्हेंबर १९७३ मध्ये ही भरती थांबविण्यात आली. श्रम हवेत, श्रमिक नकोत, या अंतर्विरोधाच्या पार्श्वभूमीवर म्यूनिकमधील साफसफाईचे काम करणारी वृद्ध विधवा एम्मी आणि तिच्याहून बराच तरुण मोरोक्कन कामगार अली यांचा विवाह घडतो. ‘अली’ हे त्याचे खरे नावही नव्हे. सगळे त्याला तसे म्हणतात, इतकेच. व्यक्तीऐवजी वर्गाचे नाव लावण्याची ही प्रक्रिया प्रतिनिधित्वाच्या प्रश्नाचे मूळच उघड करते.

चित्रपटाचा पूर्वार्ध बहिष्काराचा आहे. मुलगा दूरचित्रवाणी संचाला लाथ घालतो, किराणा दुकानदार अलीला माल नाकारतो, सहकारी स्त्रिया एम्मीला जिन्यावर एकटी पाडतात. उत्तरार्धात हेच लोक परततात. मात्र परिवर्तनामुळे नव्हे, गरजेपोटी. दुकानदाराला गिऱ्हाईक टिकवायचे असते, मुलाला मूल सांभाळणारी आई हवी असते. येथे सहिष्णुता हे नैतिक मूल्य न उरता विनिमयाचे साधन बनते. त्याच जिन्यावर आता युगोस्लाव्हियातून आलेली नवी कामगार स्त्री एकटी बसते, आणि तिला दूर ठेवणाऱ्यांत एम्मीही असते. बहिष्कृत व्यक्ती बदलते. बहिष्काराची जागा रिकामी राहत नाही.

एम्मीचे व्यक्तिचित्र म्हणूनच महत्त्वाचे ठरते. ती स्वतः हिटलरच्या पक्षात होती, तिचा दिवंगत पती पोलिश होता, आणि विवाहानंतरच्या भोजनासाठी ती हिटलरच्या आवडीचे उपाहारगृह निवडते. तिचे प्रेम खरे आहे. तरीही अलीला हवा असलेला कुसकुस ती रांधत नाही आणि मैत्रिणींना त्याचे स्नायू चाचपू देते. निरागसता आणि वर्चस्व एकाच व्यक्तीत नांदू शकतात, हे येथे दिसते.

अलीला अंतर्मन नाही, तो केवळ देह म्हणून दाखविला जातो, असा आक्षेप घेता येतो, आणि तो सर्वस्वी निराधार नाही. कॅमेरा त्याच्या नग्न देहाकडे पाहतो. त्याचा मायदेश पडद्यावर येत नाही. परंतु दारांच्या आणि जिन्याच्या कठड्यांच्या चौकटींतून पाहण्याची ही पद्धती प्रेक्षकालाही टक लावून पाहणाऱ्या शेजाऱ्यांच्या रांगेत बसविते. दिग्दर्शक स्वतः एम्मीच्या परकीयद्वेष्ट्या जावयाची भूमिका करतो, ही बाबही या संदर्भात लक्षणीय आहे. या दृष्टीच्या दोषापासून चित्रपट स्वतःला वगळत नाही.

अखेरीस अलीच्या जठरव्रणाचे निदान होते. परदेशी कामगारांत हा विकार नेहमीचा असून सहा महिन्यांत तो पुन्हा येथेच येईल, असे डॉक्टर सांगतात. जे संवादांत मांडता आले नाही ते शरीर मांडते. एम्मी त्याचा हात धरून बसते. प्रेम टिकते, पण व्याधीचे सामाजिक कारणही टिकते. वैविध्याचे दर्शन म्हणजे वैविध्याला न्याय नव्हे, हा या चित्रपटाचा निष्कर्ष करुणेइतकाच कठोर आहे.