स्मरणाचा वाडा

पाठांतर हा शब्द उच्चारताच आमच्या सुशिक्षित वर्गाच्या कपाळास आठी पडते. आम्हीही त्यास अपवाद नाही; 'समजून घ्या, घोकू नका' हाच उपदेश आम्ही आजवर विद्यार्थ्यांस करीत आलो. त्यामुळे जोशुआ फोअर ह्या अमेरिकन पत्रकाराचा 'मूनवॉकिंग विथ आइन्स्टाइन' हा २०११ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ आम्ही काहीशा नाखुषीनेच हाती घेतला. तो खाली ठेवताना आमचा उपदेश आम्हांस अपुरा वाटू लागला, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

ग्रंथकार २००५ साली अमेरिकेतील स्मरणशक्तीच्या स्पर्धेचा वृत्तान्त लिहावयास गेले. आमची स्मृती चारचौघांसारखीच आहे, असे स्पर्धकांनी सांगताच ते स्वतः अभ्यासास लागले, आणि २००६ साली त्यांनी तीच स्पर्धा जिंकली. त्यांनी वापरलेली युक्ती प्राचीन होय. भोजनगृहाचे छत कोसळून पाहुणे ओळखू न येण्याइतके चिरडले गेले असता, कोण कोठे बसला होता हे आठवून सायमोनिडीस ह्या ग्रीक कवीने प्रेते ओळखून दिली, अशी कथा सिसेरोने सांगितली आहे. परिचित वास्तूत जागोजागी चमत्कारिक चित्रे मांडून मनाने तीतून फिरावयाचे, ही रीत तीवरूनच सांगतात.

ग्रंथकाराची शैली खेळकर आहे, आणि स्वतःचे हसे करून घेण्यास ते कचरत नाहीत. ह्या युक्तीचे खरे बळ चित्रांत नसून लक्ष देण्याच्या सवयीत आहे, हा त्यांचा निष्कर्ष आम्हांस पूर्णपणे मान्य आहे. परंतु पत्त्यांचा क्रम लक्षात ठेवण्याची कसोटी आणि विद्येची कसोटी एक नव्हे. स्पर्धा संपताच तो क्रम निरुपयोगी होतो. विद्या मात्र पुढील विद्येस आधार देते. हा भेद ग्रंथात असावा तितका ठसठशीत झालेला नाही.

आमच्याकडील वैदिकांची रीत ह्याहून निराळी. क्रमपाठात पहिले पद दुसऱ्याशी, दुसरे तिसऱ्याशी जोडतात. जटापाठात व घनपाठात तीच पदे उलटसुलट गुंफतात. येथे बाहेरचे चित्र नाही. शब्दच शब्दाचा पहारेकरी. तथापि अर्थ न जाणता वेद पाठ करणाऱ्यास भार वाहणाऱ्या खांबाची उपमा यास्काचार्यांच्या निरुक्तात आढळते. पाठांतराचा एवढा अभिमान बाळगणाऱ्या परंपरेनेच ही टीका जपून ठेवावी, ह्यात तिचा मोठेपणा आहे.

मात्र ह्या उपमेचा अर्धाच भाग आम्ही शिक्षकांनी उचलला. अर्थाविना पाठांतर व्यर्थ, हे आम्ही सांगितले. पाठांतराविना अर्थास थारा कोठे, हे सांगावयाचे राहिले. आमच्या वर्गात कवितेचे रसग्रहण उत्तम लिहिणारे विद्यार्थी पुष्कळ आहेत, पण पुस्तक मिटल्यावर तिच्या चार ओळी म्हणून दाखविणारा विरळा. त्याचा दोष त्यांच्याइतकाच आमचा.

स्पर्धा जिंकल्यावर एकदा ग्रंथकार मित्रांबरोबर जेवावयास गेले आणि भुयारी रेल्वेने घरी परतले. जाताना आपण मोटार नेली होती, ह्याची आठवण त्यांस घराच्या दारात झाली! हा प्रसंग त्यांनी न लपविता सांगितला, ह्याबद्दल त्यांचे अभिनंदन. वाडा बांधला म्हणजे तो नांदता झाला असे नव्हे. परंतु वाडाच नसेल तर नांदावयाचे कोठे? येत्या सत्रात वर्गास दोन कविता मुखोद्गत करावयास सांगण्याचा आमचा विचार आहे. अर्थात प्रथम आम्हांस त्या पाठ कराव्या लागतील.