बदल नेमका कोणात?

या त्रैमासिकाच्या समीक्षेच्या पानांवर काव्यसंग्रहांची व कथासंग्रहांची चर्चा होत असते. आज आम्ही ज्या लेखनाकडे वळत आहोत, ते कोणी विकत घेत नाही आणि त्यास कोणी पारितोषिकही देत नाही. तरीही आपल्या कुटुंबांच्या जीवनावर त्याचा परिणाम पुष्कळ कवितांहून अधिक होतो. हे लेखन म्हणजे आपल्या धर्मग्रामांचे, शाळांचे व संस्थांचे इंग्रजी वार्षिक अहवाल. असे अहवाल लिहिण्यात आमची पंचवीस वर्षे गेली, तेव्हा पुढे जो दोष दाखवणार आहोत तो प्रथम आमच्याच पदरी आहे, हे कबूल करतो.

नमुन्यादाखल आमचेच एक वाक्य घेऊ. 2014 सालच्या अहवालात आम्ही लिहिले होते की, प्रार्थनेच्या भाषेत 'अक्रॉस द फॅमिलीज' बदल झाला असून मराठीची जागा इंग्रजी घेत आहे. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते. कानाला भारदस्तही वाटत होते. फक्त ते खरे नव्हते, आणि खोटेपणा त्या एका शब्दयोगी अव्ययात दडला होता.

मराठीत आपण 'समाजात बदल झाला' म्हणतो आणि मोकळे होतो. आपला 'त' हा प्रत्यय मोठा उदार आहे. बदल सर्वांत झाला की काहींत, आतून झाला की बाहेरून आला, हे तो विचारत नाही. फार तर 'गावभर' म्हणून आपण व्याप्ती सुचवतो. इंग्रजी मात्र लेखकाला दारातच अडवून विचारते, बदल नेमका कोणात? आणि उत्तर देण्यासाठी हाती निदान अर्धा डझन शब्द ठेवते. आम्ही मराठी माणसे त्यांतला जो ओळखीचा वा रुबाबदार वाटेल तो उचलतो. सेमिनरीत लॅटिन शिकलेल्यांची आणखी एक अडचण अशी की, लॅटिनचा 'इंतेर' हा 'बिट्वीन' व 'अमंग' या दोहोंचे काम एकटाच करतो, त्यामुळे भेद करण्याची सवयच जडत नाही.

'इन' हा सर्वांत साधा शब्द, पण त्याच्यापुढे जे नाम येते तेच बदलले, असे तो सांगतो. 'चेंज इन द लँग्वेज' म्हणजे भाषा बदलली. 'चेंज इन द फॅमिली' म्हटले तर कुटुंबसंस्थेचे रूपच पालटले असा अर्थ निघू शकतो. एकत्र कुटुंबाची जागा विभक्त कुटुंबाने घेणे, हा तसा बदल. 'ऑफ' याहून धीट. 'चेंज ऑफ गव्हर्नमेंट' म्हणजे जुने सरकार गेले व नवे आले. 'टू' हा शब्द बदल करणारा हात बाहेर असल्याचे सुचवतो. मिस्साच्या वेळापत्रकात आम्ही जे फेरफार करतो ते 'चेंजेस टू द टाइमटेबल'. वेळापत्रक स्वतःहून बदलत नाही, हे पहाटे उठणाऱ्या आज्यांना चांगले ठाऊक आहे! 'विदिन' कुंपण दाखवतो: बदल आतला आहे, बाहेरच्यांचा आम्ही विचार केलेला नाही.

'अमंग' या शब्दाचे मूळ जुन्या इंग्रजीत 'गर्दीत, मिसळीत' अशा अर्थाचे आहे. त्याच्यापुढे मोजता येणारी माणसे लागतात, आणि त्या माणसांतील काहीच बदलली असली तरी तो शब्द खोटा ठरत नाही. दोघांसाठी 'बिट्वीन' व अधिकांसाठी 'अमंग' हा शाळेतला नियम आपण घोकलेला असतो. ऑक्सफर्डचा मोठा कोश मात्र सांगतो की 'बिट्वीन' पहिल्यापासून दोहोंहून अधिकांसाठीही वापरला गेला आहे. तेव्हा खरा भेद संख्येचा नाही. 'बिट्वीन' एकेकाचे परस्परांशी नाते दाखवतो, 'अमंग' त्यांना एका घोळक्यात पाहतो.

आता तो 'अक्रॉस'. त्याच्या पोटात 'क्रॉस' आहे. फ्रेंच वळणाच्या 'क्रुसासारखे आडवे' या शब्दप्रयोगातून तो आला. एका काठावरून दुसऱ्या काठापर्यंत जाणे हा त्याचा स्वभाव. म्हणून मधे निरनिराळे भाग असावे लागतात, व ते सारे ओलांडल्याचा पुरावाही लागतो. 'अक्रॉस द एज ग्रूप्स' म्हणायचे तर तरुण, प्रौढ व वृद्ध या तिन्ही गटांत बदल दिसला पाहिजे. 'अक्रॉस द बोर्ड' हा प्रयोग अमेरिकेतील घोड्यांच्या शर्यतीतून आला. घोडा पहिला, दुसरा वा तिसरा आला तरी पैसे मिळावेत म्हणून तिन्हींवर सारखी पैज लावणे, असा त्याचा अर्थ होता. अलीकडे कचेऱ्यांच्या इंग्रजीत हा शब्द मीठ टाकावे तसा टाकतात, आणि तिन्ही ठिकाणी पैसे न लावताच बक्षीस मागतात. अखंड एका वस्तूसाठी 'थ्रूआउट' अधिक बरा; तो 'धर्मग्राम' या शब्दापुढे शोभतो, 'धर्मग्रामस्थ' या शब्दापुढे नाही.

पण सर्वांत फसवा प्रकार वेगळाच आहे. समूह बदलतो आणि समूहातील एकही माणूस बदललेला नसतो! भारतातील साक्षरतेचे उदाहरण घ्या. 1951 च्या जनगणनेत ती सुमारे 18 टक्के होती, 2011 मध्ये सुमारे 73 टक्के. ही वाढ राज्याराज्यांत झाली, म्हणून 'अक्रॉस द स्टेट्स' म्हणणे रास्त आहे, जरी 2011 मध्ये केरळ 94 टक्क्यांवर आणि बिहार 62 टक्क्यांच्या आसपास होते तरी. परंतु 1951 साली जे वृद्ध निरक्षर होते, ते काही पुढे पाटीपेन्सिल घेऊन बसले नाहीत. ते बहुतांशी निरक्षरच निवर्तले आणि शाळेत गेलेली मुले त्यांच्या जागी आली. साक्षरता देशात वाढली. त्या वृद्धांमध्ये नव्हे. इथे 'इन' खरा आणि 'अमंग' खोटा.

अमेरिकन अभ्यासक डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी 1950 साली याच जातीची चूक दाखवून दिली. 1930 च्या अमेरिकन जनगणनेत ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक अधिक, तिथे निरक्षरता कमी दिसत होती. त्यावरून परदेशातून आलेले अधिक साक्षर, असे कोणीही म्हणेल. प्रत्यक्षात व्यक्तिशः तेच अधिक निरक्षर होते. ते फक्त अशा राज्यांत जाऊन राहिले जिथले मूळ रहिवासी अधिक शिकलेले होते. समूहाविषयीचे विधान व्यक्तीच्या गळ्यात बांधले की असे होते.

आमच्या वाक्यात हेच झाले होते. धर्मग्रामाच्या हद्दीत दहा वर्षांत नव्या इमारती उठल्या, मुंबईहून इंग्रजीत प्रार्थना करणारी कुटुंबे राहावयास आली. एकूण गोळाबेरीज बदलली. जुन्या पाड्यांतील घरे जशी होती तशीच होती. परंतु आमचे 'अक्रॉस' वाचून वरच्या एका समितीने साहजिकच ठरवले की मराठी धर्मशिक्षणाची पुस्तके आता कमी पाठवावीत, आणि दुसऱ्या वर्षी पाड्याकडील मुलांचा मराठी वर्ग इंग्रजी वर्गात मिसळला गेला. तो निर्णय चुकीच्या माहितीवर झाला आणि माहिती आमची होती.

हे लक्षात आणून दिले ते दोघांनी. एक आजी मिस्सानंतर थांबल्या. त्यांचा नातू धर्मशिक्षणाला जाईनासा झाला होता. "फादर, आमच्या घरात अजून मराठीतच रोजरी होते. मग आमच्यात बदल झाला हे तुम्हाला कोणी सांगितलं?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. दुसरे आमच्या धर्मग्रामातील एक निवृत्त इंग्रजी शिक्षक. त्यांच्याकडे अहवालाची प्रत नेली. त्यांनी चष्मा पुसला, त्या शब्दाभोवती शाईचे वर्तुळ काढले आणि म्हणाले, "फादर, हा शब्द लिहिण्याआधी तुम्ही किती घरी गेला होता?" प्रामाणिक उत्तर असे होते की, आम्ही नव्या इमारतींत आशीर्वादासाठी गेलो होतो, पाड्यांत त्या वर्षी फारसे गेलोच नव्हतो.

पुढच्या अहवालाआधी आम्ही घरोघर फिरलो आणि वाक्य दुरुस्त केले. प्रार्थनेच्या भाषेत बदल झाला आहे तो 'इन द पॅरिश'. 'अमंग द ओल्डर फॅमिलीज' झालेला नाही. एका डौलदार शब्दाच्या जागी दोन साधे शब्द व एक नकार आला, वाक्य लांबले आणि दिसायला ओबडधोबड झाले. पुस्तके पुन्हा येऊ लागली. वर्ग भरतो, पण आता सॅक्रिस्टीत, कारण त्याची जुनी खोली दुसऱ्या कामास दिली गेली आहे. त्या आजींचा नातू त्यात परतला नाही. तो दरम्यान मोठा झाला होता. दुरुस्त मसुदा आम्ही सरांना दाखवला तेव्हा त्यांनी त्यातलाही एक 'द' खोडला.