प्रसिद्ध पालकांची बालकलाकार मुले आणि प्रेक्षकमन : मराठी चित्रसृष्टीच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

मराठी समाजात कलावंताच्या मुलाविषयी बोलताना दोन म्हणी सहजपणे ओठांवर येतात. मुलाचे काम आवडले तर 'खाण तशी माती' आणि न आवडले तर 'आयत्या बिळावर नागोबा'. वरवर पाहता या दोन म्हणी परस्परविरोधी आहेत. एकीत कौतुक आहे, तर दुसरीत असूया. परंतु दोन्हींच्या मुळाशी एकच गृहीतक आहे. ते असे की, पडद्यावर वा रंगमंचावर जे दिसते ते त्या मुलाचे नसून त्याच्या आईवडिलांचे आहे. प्रौढ कलावंत या गृहीतकाला कालांतराने आपल्या कामाने उत्तर देऊ शकतो. बालकलाकाराला मात्र ते उत्तर देता येत नाही, कारण या क्षेत्रात यावे की येऊ नये हा निर्णयच त्याने घेतलेला नसतो.

वाशीचे विष्णुदास भावे नाट्यगृह किंवा पनवेलचे आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह येथे बालनाट्याला येणारा नवी मुंबईतील पालकवर्ग हा केवळ प्रेक्षक राहिलेला नाही. आपले मूलही एखाद्या मालिकेत वा जाहिरातीत दिसावे, अशी इच्छा बाळगणारी कुटुंबे या वर्गात आहेत. त्यामुळे 'वशिला' आणि 'गुणवत्ता' यांविषयीची चर्चा येथे अधिक तीव्रतेने होते. या पार्श्वभूमीवर प्रसिद्ध पालकांच्या बालकलाकार मुलांकडे मराठी प्रेक्षकाने कोणत्या दृष्टीने पाहिले, ही दृष्टी कशी बदलत गेली आणि तिच्यातून काय निसटले, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

लांछनाचा काळ

भारतीय चित्रपटाच्या आरंभकाळातच हा प्रश्न उपस्थित झालेला दिसतो. दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) या चित्रपटात रोहिदासाची भूमिका त्यांचा मुलगा भालचंद्र याने केली. वनवास आणि मृत्यू वाट्याला येणारी ही भूमिका आपल्या मुलाने करावी, यास अन्य पालक तयार नव्हते, असे फाळके यांच्या चरित्रकथनातून सांगितले जाते. म्हणजेच निर्मात्याच्या मुलाला भूमिका मिळाली ती इतरांनी नाकारल्यामुळे. आज ज्याला 'वशिला' म्हटले जाते, त्याचा उगम मराठी चित्रपटात टंचाईतून झाला आहे.

त्याच वर्षी आलेल्या फाळके यांच्या 'मोहिनी भस्मासूर' या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची अल्पवयीन कन्या कमलाबाई या मायलेकींनी भूमिका केल्या. अभिनय करणाऱ्या स्त्रीकडे त्या काळी प्रतिष्ठित समाज तुच्छतेने पाहत असे. अशा वेळी आई अभिनेत्री असणे हे मुलीचे भांडवल नव्हते, ते तिच्या माथ्यावरचे लांछन होते. याच कमलाबाई पुढे कमलाबाई गोखले म्हणून ओळखल्या गेल्या आणि त्यांचे पुत्र चंद्रकांत गोखले व नातू विक्रम गोखले यांच्यामुळे त्या घराला अभिनयाचे घराणे असा मान मिळाला. एकाच कुटुंबाच्या तीन-चार पिढ्यांत 'आईवडील कलावंत आहेत' या विधानाचा सामाजिक अर्थ पूर्णपणे पालटला.

या काळातील सर्वांत अर्थपूर्ण उदाहरण 'कालिया मर्दन' (१९१९) या चित्रपटाचे आहे. यातील कृष्णाची भूमिका फाळके यांची जेमतेम सात वर्षांची कन्या मंदाकिनी हिने केली. कथानकाला सुरुवात होण्यापूर्वी फाळके या मुलीच्या चेहऱ्यावरील निरनिराळे भाव प्रेक्षकांना दाखवतात आणि त्यानंतरच ती कृष्णरूपात अवतरते. हा भाग चमत्कृतीसाठी योजला असावा, असे म्हणता येईल. तथापि त्याचा परिणाम वेगळाच होतो. प्रेक्षकाने कृष्णाला नमस्कार करण्याआधी एक मुलगी काम करताना पाहिलेली असते. राग, हसू, भय हे सारे ती ठरवून आणते आणि ठरवून पुसून टाकते. मुलीचे कसब देवाच्या वा वडिलांच्या नावाखाली झाकले जाऊ नये, यासाठी याहून साधा उपाय कोणता असू शकेल? पुढील शतकभरात मराठी समीक्षेने या प्रास्ताविक दृश्याचा धडा फारसा गिरवलेला दिसत नाही.

पित्याच्या पश्चात : करुणेची दृष्टी

मास्टर दीनानाथ मंगेशकर यांचे २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात निधन झाले. त्या वेळी त्यांच्या थोरल्या कन्या लता बारा वर्षांच्या होत्या. त्याच वर्षी त्या 'पहिली मंगळागौर' या चित्रपटात दिसल्या आणि त्यानंतर मास्टर विनायक यांच्या आधाराने 'माझे बाळ' (१९४३), 'गजाभाऊ' (१९४४) इत्यादी चित्रपटांत त्यांनी लहानमोठ्या भूमिका केल्या. या मुलीकडे पाहण्याची दृष्टी करुणेची आणि आदराची होती. दीनानाथांची मुलगी म्हणून तिला दारे उघडली गेली आणि दीनानाथांची मुलगी म्हणूनच तिच्या कष्टाकडे सहानुभूतीने पाहिले गेले.

परंतु ही सहानुभूती एक गोष्ट विसरायला लावते. चेहऱ्याला रंग लावून दिव्यांच्या झोतात उभे राहणे आपल्याला मनापासून आवडले नाही, असे लताबाईंनी पुढे मुलाखतींतून सांगितले आहे. अर्थात, हा अभिनय वारशाची हौस नव्हता. आई आणि चार धाकटी भावंडे यांच्यासाठी केलेली ती नोकरी होती. पित्याच्या नावाच्या तेजामुळे त्या नोकरीचे स्वरूप दिसेनासे झाले.

दुर्दैवाचा भाग असा की, ज्यांनी या कुटुंबाला आधार दिला त्या मास्टर विनायक यांचेही ऑगस्ट १९४७ मध्ये निधन झाले आणि त्यांच्या घरातही तीच कहाणी घडली. त्यांची कन्या 'बेबी नंदा' या नावाने 'मंदिर' (१९४८) या चित्रपटात आली व पुढे काही वर्षे बालभूमिका करीत राहिली. नात्यातील व्ही. शांताराम यांच्या 'तूफान और दिया' (१९५६) या चित्रपटाने नंदा यांना नायिकेचा मार्ग खुला करून दिला. पुढील काळातील वृत्तीने या प्रवासाकडे पाहिले तर 'मोठ्या दिग्दर्शकाची मुलगी, त्यात शांतारामांच्या नात्यातली' एवढ्यावर निकाल लागला असता. प्रत्यक्षात बालपणीच घराचा भार उचलणाऱ्या मुलीची ती कहाणी आहे. करुणेने तिला गौरवले, असूयेने कदाचित हिणवले असते. तिच्या शाळेचे काय झाले, हा प्रश्न मात्र दोन्ही दृष्टींना सुचला नसता.

पालकच निर्माता : कौतुकाची दृष्टी

स्वातंत्र्योत्तर काळात या नात्याला वेगळे वळण मिळाले. शोभना समर्थ यांनी 'हमारी बेटी' (१९५०) या चित्रपटाची निर्मिती व दिग्दर्शन करून कन्या नूतन हिला पुढे आणले. नूतन त्या वेळी चौदा वर्षांची होती, तर धाकटी तनुजा याच चित्रपटात बालकलाकार म्हणून झळकली. आईने मुलीसाठी चित्रपट काढावा, ही बाब त्या काळात वात्सल्याची मानली गेली. पुढे 'सीमा', 'सुजाता', 'बंदिनी' यांसारख्या चित्रपटांतील अभिनयाने नूतन यांनी आईच्या नावाची गरजच संपवली. या यशामुळे आरंभीच्या संधीविषयी कोणी प्रश्न विचारला नाही. यशस्वी मुलाची संधी 'पारख' ठरते आणि अयशस्वी मुलाची तीच संधी 'वशिला' ठरते, हा प्रेक्षकमनाचा अलिखित नियम येथे स्पष्ट होतो.

मराठी चित्रपटात महेश कोठारे यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. रंगभूमीशी संबंधित अंबर कोठारे यांचा हा मुलगा 'छोटा जवान' (१९६३) आणि 'राजा और रंक' (१९६८) यांतून बालकलाकार म्हणून घरोघरी पोहोचला. तीन दशकांनंतर दिग्दर्शक या नात्याने त्यांनी 'माझा छकुला' (१९९४) हा चित्रपट केला आणि त्यात मुलगा आदिनाथ याला मध्यवर्ती भूमिका दिली. हा चित्रपट लोकप्रिय झाला. प्रेक्षकांनी बापलेकाची जोडी आपल्याच घरातली असल्यासारखी स्वीकारली. स्वतः बालकलाकार राहिलेल्या दिग्दर्शकाला मुलाकडून काम कसे करून घ्यावे याची आतून जाण असणार, हा समीक्षेचा विषय होऊ शकला असता. तथापि चर्चा मुख्यतः कौतुकाच्या पातळीवरच राहिली.

'नैसर्गिक' आणि 'घराणेशाही'

एकविसाव्या शतकात दोन घडामोडींनी ही दृष्टी बदलली. 'श्वास' (२००४) आणि 'फँड्री' (२०१३) या चित्रपटांतील बालकलाकारांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. चित्रपटसृष्टीत नाव असलेल्या घरांतून ही मुले आलेली नव्हती. त्यांच्या अभिनयाचे वर्णन करताना 'नैसर्गिक' हा शब्द वारंवार वापरला गेला. हा शब्द गौरवाचा असला तरी फसवा आहे. एका मुलाचे श्रेय रक्ताला द्यायचे आणि दुसऱ्याचे निसर्गाला, यात दोघांचेही श्रम बाद होतात. 'फँड्री'मधील जब्याची भूमिका करणारा मुलगा कॅमेऱ्यासमोर केवळ 'वावरतो' असे म्हणणे म्हणजे त्या भूमिकेसाठी त्याने आणि दिग्दर्शकाने घेतलेली मेहनत नाकारणे होय.

दुसरी घडामोड म्हणजे 'घराणेशाही' हा राजकारणातील शब्द २०१७ नंतर आणि विशेषतः २०२० मध्ये चित्रपटविषयक चर्चेत रूढ झाला. संधीच्या वाटपातील विषमतेवर बोट ठेवणारी ही टीका आवश्यकच आहे. ज्या उद्योगात निवड बंद दाराआड होते, तेथे बाहेरच्या मुलांचा हक्क डावलला जातो, हे नाकारता येणार नाही. प्रश्न टीकेच्या पत्त्याचा आहे. निवड करणारा निर्माता प्रौढ असतो, आग्रह धरणारा पालक प्रौढ असतो. टोमणे मात्र दहा वर्षांच्या मुलाला ऐकावे लागतात.

या संदर्भात हिंदुस्थानी संगीतातील 'घराणे' ही संकल्पना मार्गदर्शक ठरते. संगीतात पिता गुरू असेल तर श्रोता प्रथम विचारतो ते तालमीविषयी : किती वर्षे, कोणाकडे, कसा रियाज. वारसा तेथे मिळालेला मानला जात नाही, तो घोटून घेतलेला मानला जातो. 'घराणे' आणि 'घराणेशाही' या शब्दांतील अंतर नेमके तालमीचे आहे. अभिनयाच्या समीक्षेने हा निकष स्वीकारला, तर प्रसिद्ध पालकाचे मूल आणि अनोळखी घरातले मूल यांना एकाच मापाने मोजता येईल.

कायद्याची चौकट आणि एक उणीव

हा प्रश्न केवळ अभिरुचीचा नाही. बालकामगार प्रतिबंधक कायद्यात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना चित्रपट, मालिका, जाहिराती इत्यादींत कलाकार म्हणून काम करण्यास अटींसह मुभा दिली. २०१७ च्या नियमांनुसार दिवसाला ५ तासांहून अधिक आणि विश्रांतीविना ३ तासांहून अधिक काम देता येत नाही. सलग २७ दिवसांहून अधिक काळ काम घेता येत नाही. उत्पन्नाच्या किमान २० टक्के रक्कम मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवावी लागते. निर्मात्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी आणि पालकांची संमती घेणे बंधनकारक आहे. वाशी वा नेरुळ येथील चित्रीकरणासाठी ही परवानगी ठाणे जिल्ह्यातून, तर पनवेल येथील चित्रीकरणासाठी रायगड जिल्ह्यातून घ्यावी लागेल.

या तरतुदींचा पूर्वेतिहास जागतिक आहे. 'द किड' (१९२१) या चित्रपटातील जॅकी कूगन याला मोठेपणी आपल्या बालपणीच्या कमाईसाठी स्वतःच्या आईविरुद्ध न्यायालयात जावे लागले आणि त्यातून १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या कमाईचे रक्षण करणारा कायदा झाला. पालकाचे हित आणि मुलाचे हित नेहमी एकच असते असे नाही, हा त्या प्रकरणाचा बोध होता.

भारतीय नियमांत पालकाची संमती ही निर्मात्यावरील अंकुश म्हणून योजली आहे. निर्माता एका बाजूला, पालक दुसऱ्या बाजूला आणि मध्ये मूल, असे चित्र त्यामागे आहे. पालकच निर्माता किंवा दिग्दर्शक असेल तेव्हा हे चित्र कोलमडते. काम मागणारा आणि संमती देणारा एकच असतो. अशा वेळी दंडाधिकाऱ्यांची तपासणी आणि जागरूक लोकमत एवढेच दोन अंकुश उरतात. लोकमत जर 'काय गोड काम केलंय, अगदी बापासारखं' किंवा 'बापाच्या जिवावर मिळालंय' एवढ्यावरच थांबत असेल, तर दुसरा अंकुशही निरुपयोगी ठरतो. प्रसिद्ध घरातील मुलाला सर्व काही मिळालेलेच आहे, या समजुतीपोटी त्याच्या कामाचे तास, शाळा आणि पैसा यांविषयी विचारणा करण्याची गरज कोणाला वाटत नाही. असूयेची ही किंमत मुलाला मोजावी लागते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, कलावंत पालकाचे नाव हे मराठी समाजात क्रमाने लांछन, करुणा, कौतुक आणि असूया यांचे निमित्त ठरले. भावना बदलल्या, नजर मात्र सतत पालकावरच खिळून राहिली. मुलाच्या कामाची तालीम, कसब आणि श्रम या अंगांनी समीक्षा झाली, तर संधीच्या विषमतेवरील टीका योग्य प्रौढ व्यक्तीकडे वळेल आणि मुलाच्या हक्कांची विचारणाही शक्य होईल. 'कालिया मर्दन'च्या आरंभी फाळके यांनी मंदाकिनीला कृष्णाच्या वेषाविना, तिच्या स्वतःच्या चेहऱ्याने प्रेक्षकांसमोर आणले होते. बालकलाकाराकडे पाहण्याची योग्य रीत त्या दृश्यात सामावलेली आहे.