राजा परांजपे : नट आणि दिग्दर्शक

जो नट स्वतःच चित्रपटाचें दिग्दर्शन करतो, त्याच्याविषयीं रसिकांच्या मनांत सहजच एक शंका येते. कॅमेरा सदैव आपल्याच चेहऱ्याकडे वळविण्याचा मोह त्याला आवरेल काय? राजा परांजपे यांची कामगिरी या कसोटीला लावून पाहण्याजोगी आहे.

परांजपे १९१० सालीं मिरजेस जन्मले व १९७९ सालीं निवर्तले. त्यांचे सहकारी कवि ग. दि. माडगूळकर हे आटपाडीकडील माडगूळचे. हीं दोन्ही गांवें १९४९ सालीं झालेल्या दक्षिण सातारा जिल्ह्यांत आलीं. पुढें १९६० सालीं त्या जिल्ह्यास सांगली हें नांव मिळालें. विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणलें, तें याच सांगलीस. संगीतकार सुधीर फडके यांच्यासह या त्रयीनें मराठी चित्रपटास पौराणिक राजवाड्यांतून मध्यमवर्गीयांच्या ओटीवर आणून बसविलें, हें त्यांचें मोठें ऋण होय.

‘लाखाची गोष्ट’ (१९५२) या चित्रांत एक लाख रुपये खर्चून टाकण्याची विलक्षण अट आहे. तेथें नायकपण राजा गोसावी यांजकडे सोंपवून दिग्दर्शक स्वतः बाजूस राहतो. त्यांतील विनोद शब्दांइतकाच प्रसंगांच्या नेटक्या जुळणींतून उमलतो.

‘ऊनपाऊस’ (१९५४) मध्यें मात्र चाळिशी ओलांडलेले परांजपे निवृत्त शिक्षकाच्या भूमिकेंत दिसतात. मुलांच्या सोयीसाठीं वृद्ध आईबापांचीच वांटणी व्हावी, हा प्रसंग आक्रोशास किती अनुकूल! पण या मास्तरांचा स्वर चढत नाहीं. दुःख पाहणाऱ्याच्या मनांत उतरतें, तें या संयमामुळेंच.

‘जगाच्या पाठीवर’ (१९६०) अधिक लोकप्रिय. त्यांतील आंधळी मुलगी सीमा यांनीं फार हळुवारपणें उभी केली आहे. चार्ली चॅप्लिन यांच्या ‘सिटी लाइट्स’ (१९३१) या चित्राची आठवण येथें टळत नाहीं. उसनवारी हा दोष नव्हे. परंतु चॅप्लिन अश्रु येतांच हंसूं फोडतात, तर परांजपे अश्रूंजवळ अंमळ अधिक रेंगाळतात. गाणीं अवीट गोडीचीं असलीं, तरी कथेचा बांधा त्यामुळें सैल होतो.

म्हणून आमच्या मतें परांजप्यांची खरी थोरवी ‘ऊनपाऊस’मध्यें शोधावी. तेथें दिग्दर्शकानें नटाला लगाम घातला आहे, आणि नटानेंहि तो आनंदानें मानला आहे. घरांतील वडीलधाऱ्यांसह हें चित्र पाहणाऱ्यास, आपल्या घरीं त्यांची जागा कोठें आहे, हा प्रश्न टाळतां येणार नाहीं.