पकड सुटते तेव्हा

रेसिंगच्या व्हिडिओ गेमचे बरेवाईट ठरते ते टायरच्या पकडीवर. गाडी वेगात वळणावर घातली की चाकाचे तोंड एकीकडे आणि गाडीची चाल किंचित दुसरीकडे, असा कोन पडतो. काही अंशांपर्यंत हा कोन वाढला की पकडही वाढते. मग ती शिखर गाठून ओसरू लागते. डच संशोधक हान्स पासेयका यांनी ही चढउताराची रेघ गणिती सूत्रात बसवली आणि पुढे अनेक गेमच्या गणितात ते सूत्र आले. आर्केड आणि सिम्युलेशन यांतला भेद पुष्कळसा शिखरापलीकडच्या उतारात आहे. आर्केड गेम तो उतार जवळजवळ सपाट करतो, म्हणून गाडी आडवी झाली तरी हातात राहते. सिम्युलेशन तो उतार जसाच्या तसा ठेवते आणि गाडी गरकन फिरते.

सपाट उताराचा सर्वांत देखणा नमुना म्हणजे नामकोचा 'रिज रेसर' (1993). त्यातली गाडी वळणावर लांबलचक घसरते आणि सरळही होते. पण ती केव्हा घसरवायची हे खेळणाऱ्यालाच ठरवावे लागते. महाराष्ट्रातल्या सायबर कॅफेंत एका पिढीने जो 'रोड रॅश' खेळला, त्यात लाथा होत्या, साखळ्या होत्या, वास्तवाचा आव मुळीच नव्हता. तरीही समोरच्या मोटारीवर आदळलेल्या स्वाराला उठून आपल्या मोटारसायकलपर्यंत पळत जावे लागे आणि तोवर मागचे पुढे निघून जात. चुकीची किंमत तिथल्या तिथे वसूल होई. आर्केडची खरी ताकद ही आहे. 2003 नंतरच्या 'नीड फॉर स्पीड'ने मात्र रंगरंगोटीलाच रेसिंग मानले.

दुसऱ्या टोकाचा 'आयरेसिंग' वर्गणी भरून, महागडे स्टिअरिंग घेऊन खेळायचा गेम. त्याची नोंद एवढी पुरे. अधिक मोलाचे काम मधल्या पट्ट्यात झाले. काझुनोरी यामाउची यांच्या 'ग्रान टुरिस्मो'ने 1997 साली साध्या गेमपॅडवर गाडीचे वजन जाणवून दिले. ब्रेक दाबला की भार पुढच्या चाकांवर येतो, पुढची पकड वाढते, मागची हलकी होते. ॲक्सिलरेटर दिला की उलटे घडते. हे त्याने परिच्छेद लिहून सांगितले नाही. लायसन्सच्या छोट्या छोट्या परीक्षांतून ते बोटांना शिकवले. याच गेममालिकेतून निवडलेला यान मार्डनबरो 2013 मध्ये ल मॉंच्या 24 तासांच्या शर्यतीत आपल्या गटात तिसरा आलेल्या गाडीच्या चालकांपैकी एक होता. पुढे इटलीच्या कुनोसने 'असेट्टो कोर्सा' (2014) मध्ये गाडीची हालचाल सेकंदाला 333 वेळा मोजली. त्या आकड्याचे महत्त्व एवढ्यासाठीच की पकड सुटण्याआधीची थरथर त्यामुळे हाताला कळते.

मजा आणि वास्तव ही दोन टोके आहेत, एक वाढवले की दुसरे घटते, असे समजले जाते. ही समजूत खोटी पाडायला कोल्हापूरच्या गो-कार्टचे उदाहरण पुरेसे आहे. मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्या आहेत; कोल्हापूरचे कृष्णराज महाडिक 2017 मध्ये ब्रिटिश फॉर्म्युला 3 पर्यंत पोचले. गो-कार्ट पाहिले तर खेळण्यासारखे दिसते. त्याला सस्पेन्शन नाही, डिफरन्शियल नाही. मागची दोन्ही चाके एकाच अखंड आसाला जखडलेली. त्यामुळे वळताना आतले मागचे चाक जमिनीवरून उचलले गेले नाही, तर कार्ट सरळच जाऊ पाहते. ते चाक उचलते स्टिअरिंगची भूमिती, चेसिसचा लवचिकपणा आणि चालवणाऱ्याच्या शरीराचा भार. चालकाचे वजन जवळपास कार्टच्या वजनाएवढे असते, म्हणून अंग किंचित कलले तरी फरक पडतो. यंत्र इतके साधे आणि इतके खरे, आणि पहिल्या फेरीपासून आनंद देणारे! पोराला त्यातून उतरवायला आईबापांना विनवण्या कराव्या लागतात. वास्तवामुळे मजा मरत असती तर हे घडले नसते.

मजा मारते ती खेळणाऱ्याच्या हातून निर्णय काढून घेण्याची रीत. भारतात बहुसंख्य लोक मोबाइलवर खेळतात आणि काचेवरच्या दोन अंगठ्यांना मदत हवी, यात वाद नाही. चाके लॉक होऊ न देणारा ब्रेक द्यावा, वळणाची रेघ दाखवावी. 2008 च्या 'ग्रिड'मधली वेळ मागे नेण्याची सोयही रास्त आहे, कारण ती चुकलेले वळण पुन्हा खेळणाऱ्याच्याच हाती देते. पण 'ॲस्फाल्ट 9' (2018) मधला टचड्राइव्ह गाडी स्वतःच वळवतो. खेळणाऱ्याकडे उरते ते वाट निवडणे आणि नायट्रोचे किंवा गाडी घसरवण्याचे बटण दाबणे. याला मदत म्हणता येत नाही. ज्याला कधी गाडी वळवावीच लागली नाही, त्याला पकड सुटल्याचे कळणार कसे, आणि न सुटल्याचा आनंद तरी कसा होणार?

तशीच दुसरी खोड म्हणजे मागे पडलेल्याला सांभाळून घेणारे प्रतिस्पर्धी. खेळणारा पुढे गेला की ते वेग वाढवतात, मागे पडला की रेंगाळतात. यात चुरस दिसते, पण उत्तम मारलेल्या वळणाला आणि वाया गेलेल्या वळणाला एकच भाव मिळतो. 'रोड रॅश'मधल्या पळत जाणाऱ्या स्वाराने जे शिकवले, ते इथे पुसले जाते.

टचड्राइव्ह बंद करता येतो, असे उत्तर दिले जाते. येतो, पण सुरुवातीलाच तो चालू मिळाला तर नवखा माणूस त्यालाच गाडी चालवणे समजून बसतो. क्रम उलटा हवा. पहिल्या शर्यतीत स्टिअरिंग खेळणाऱ्याच्या हाती असावे, रस्ता रुंद, वेग बेताचा आणि पकडीचा उतार सौम्य असावा. पुढच्या प्रत्येक टप्प्यावर तो उतार थोडा थोडा खरा करत न्यावा, आणि आपोआप वळणारी गाडी ज्याला हवी असेल त्याने ती मेनूत जाऊन शोधावी.