लहान हात आणि वाकडें अंगण

'नाचतां येईना, अंगण वाकडें' ही म्हण शिकणाऱ्याचें तोंड बंद करण्यास फार उपयोगी पडते. तक्रार करणारा आळशी ठरतो, आणि अंगण तपासून पाहण्याचे श्रम वांचतात. पत्त्यांच्या हातचलाखीवरील दोन प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथ आम्हीं नुकतेच पुन्हा वाचले, ते या म्हणीविषयीं संशय मनांत धरून. निमित्त घरगुती होतें. आमच्या अकरा वर्षांच्या भाचीनें येथें नागपुरांत एका समारंभांत जादूचे प्रयोग पाहिले, आणि ते संपल्यावर त्या गृहस्थांजवळ जाऊन "मला शिकवाल का?" असें विचारलें. त्यांनीं तिचा पंजा आपल्या पंजाशीं लावून पाहिला व हंसून सांगितलें, "बेटा, हे हात पत्त्यांचे नाहींत." मुलगी घरीं येऊन कांहीं बोलली नाहीं. मात्र पुढें दोन दिवस ती जेवतांना डावा हात मांडीखालीं दडवून बसे.

पहिला ग्रंथ एस. डब्ल्यू. अर्डनेस या नांवानें शिकागो येथें १९०२ सालीं प्रसिद्ध झालेला 'दि एक्स्पर्ट ॲट द कार्ड टेबल'. हें नांव उलटें वाचलें असतां 'ई. एस. अँड्र्यूज' असें होतें. तथापि लेखक खरोखर कोण होता, याचा निर्विवाद निकाल अद्याप लागलेला नाहीं. विषय अर्धा जुगाऱ्याच्या लबाडीचा व अर्धा जादूगाराच्या करमणुकीचा. नीतीच्या दृष्टीनें ग्रंथ संशयास्पद असला, तरी गद्याच्या दृष्टीनें तो आदर्श आहे. एकेक वाक्य एकेका बोटाची जागा ठरवितें. एकहि विशेषण रिकामें बसलेलें नाहीं. निबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांस आम्ही हीं पानें अवश्य वाचावयास देऊं, पत्ते मात्र काढून घेऊं.

या ग्रंथांत शंभरावर आकृति आहेत. त्या काढणाऱ्या मार्शल स्मिथ या चित्रकारास मार्टिन गार्डनर यांनीं १९४६ सालीं शोधून काढलें, तेव्हां त्यानें लेखकाचें जें वर्णन केलें तें एका ठेंगण्या, सडपातळ माणसाचें होतें. उंची पांच फूट सहा इंचांच्या आसपास. चाळीस वर्षांपलीकडची आठवण फार ताणूं नये हें खरें. परंतु हातचलाखीचा मूळ ग्रंथ ज्याच्या बोटांतून उतरला, तो माणूस धिप्पाड असल्याचा पुरावा नाहीं, एवढें तरी म्हणतां येतें.

दुसरा ग्रंथ जीन ह्यूगार्ड व फ्रेडरिक ब्राउए यांचा 'द रॉयल रोड टु कार्ड मॅजिक' (१९४८). अर्डनेस विद्वानांसाठीं लिहितो, हे दोघे विद्यार्थ्यांसाठीं. यांचा मोठा गुण अनुक्रमाचा. ग्रंथाचा आरंभ साध्या पत्ते पिसण्यानें होतो. तळव्यांत पत्ता लपविण्याची क्रिया सातव्या प्रकरणीं येते. आमच्याकडे नवशिका नेमका उलट्या बाजूनें आरंभ करितो. पहिल्याच दिवशीं तो पत्ता तळव्यांत दडवूं पाहतो, कोपरा बाहेर डोकावतो, आणि तो हात न्याहाळीत बसतो. येथें म्हण खरी आहे: दोष अंगणाचा नसून उतावळेपणाचा आहे.

पण सर्वत्र तसें नाहीं. छापील आकृतींतील हात एकच असतो, आणि वाचणारे हात हजार. पत्त्याचें माप मात्र ठरलेलें. रुंद पत्ता अडीच इंच रुंद व साडेतीन इंच लांब. अरुंद पत्ता सव्वादोन इंच रुंद, पण लांबी तीच. "हात लहान असतील तर अरुंद पत्ते घ्या," हा उपदेश सर्वांच्या तोंडीं असतो, आणि तो अर्धाच खरा आहे. जुडी एका हातांत धरून वाटणें किंवा एका हातानें कापणें यांत बोटांना रुंदी व्यापावी लागते. तेथें तो पाव इंच मोठा उपकार करितो. तळव्यांत पत्ता लपवितांना मात्र एक टोंक बोटांच्या अग्राशीं व दुसरें अंगठ्याच्या मुळाशीं टेकावें लागतें. येथें लांबीशीं गांठ असते, आणि अरुंद पत्ता कांहींच सवलत देत नाहीं. कोणत्या क्रियेंत रुंदीशीं झगडा आहे व कोणत्या क्रियेंत लांबीशीं, याचा एक साधा तक्ता शिक्षकानें दिला, तर कित्येकांचीं वर्षें वांचतील.

साधन बदललें कीं विद्या बदलते, हें सावंतवाडीचे गंजिफाचे पत्ते पाहणाऱ्यास सांगावयास नको. दशावतारी गंजिफांत १२० पत्ते, आणि प्रत्येक पत्ता गोल. ज्यास कोपराच नाहीं, त्यास कोपऱ्याच्या आधारानें रचलेली सारी कसरत निरुपयोगी. तसेंच हात बदलला कीं विद्येनेंहि वांकलें पाहिजे.

ती वांकते, याला साक्षी आहेत. मॅक्स मालिनी (१८७३–१९४२) हा ठेंगणा, आखूड बोटांचा जादूगार आपल्या लहान हातांसाठींच प्रसिद्ध होता. हात झांकीत नाहीं तें त्यानें वेळेकडून झांकून घेतलें. प्रेक्षकांचें लक्ष ढळेपर्यंत तो थांबे. ती संधि आलीच नाहीं तर काय, या प्रश्नास एक आठवडा थांबेन, अशा अर्थाचें उत्तर त्यानें दिल्याची आख्यायिका आहे. अर्जेंटिनाचे रेने लाव्हां (१९२८–२०१५) यांचा उजवा हात नवव्या वर्षीं अपघातांत गेला. सर्व ग्रंथ दोन हातांचे. म्हणून त्यांनीं एका डाव्या हाताची पद्धति स्वतः घडविली, आणि ती अशी कीं प्रयोग घाईनें नव्हे, मुद्दाम संथपणें करावयाचा. ज्याला 'उणें' म्हणावें त्यांतून येथें शैली जन्मास आली.

आतां आमच्या घरचा मुद्दा. नागपुरास मे महिन्यांत पारा पंचेचाळीस अंशांकडे झुकला, कीं कूलरसमोर सतरंजी पडते आणि मेंढीकोटाचा डाव बसतो. पत्ते पिसणारी व्यक्ति एका हाताचा अंगठा व मधलें बोट यांनीं जुडी दोन्ही लांब कडांस धरते, आणि दुसऱ्या हातानें वरचे थोडथोडे पत्ते ओढून तळव्यांत टाकीत जाते. आमच्या मातोश्री असेंच पिशीत. त्यांचे हात या मुलीच्या हातांहून फारसे मोठे नव्हते. या पिसण्यास पाश्चात्त्य जादूगार 'हिंदू शफल' म्हणतात, आणि 'रॉयल रोड'च्या उत्तरार्धांत त्यास सन्मानानें जागा दिलेली आहे. येथें पकड फक्त रुंदीची. लहान हातास ती सहज साधते. शिवाय पत्ते वरून जात असल्यामुळें धरलेल्या जुडीचा सर्वांत खालचा पत्ता शेवटपर्यंत तोच राहतो. पाहणाऱ्यानें कोठेंहि "थांबा" म्हटलें, तरी त्याच्या नशिबीं तोच पत्ता. जी किल्ली आमच्या सतरंजीवर पडली होती, ती आम्हीं शिकागो व न्यूयॉर्कच्या पुस्तकांत शोधली, ही गोष्ट आम्हां इंग्रजी शिकलेल्यांस भूषणावह नाहीं.

लहान हातांची सबब कोणापुढें टाकली जाते, हेंहि पाहावें. लंडनचें 'मॅजिक सर्कल' १९०५ सालीं स्थापन झालें; स्त्रियांस त्याचें सभासदत्व १९९१ सालीं मिळालें. तत्पूर्वींच ॲडिलेड हरमन हिनें १८९६ सालीं पति निवर्तल्यावर रंगभूमीवरचा सारा व्याप पेलून दाखविला होता. शाऐंशी वर्षें अंगण वाकडें नव्हतें. त्याला कुंपण होतें.

कांहीं क्रिया लहान हातांस खरोखरच जड जातात, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु मोठ्या पंजाच्या बोटांतहि फट पडते, आणि मोठ्या पंजावर संशयहि लवकर येतो. मराठींत या विषयावर कोणी नवा ग्रंथ लिहील, तर त्यानें निदान तीन मापांचे हात चितारावे, पिसण्यापासून आरंभ करावा, आणि घरच्या पिसण्यास पहिलें प्रकरण द्यावें. शिकणाऱ्याचा पंजा मोजण्यापूर्वीं शिक्षकानें आपली विद्या मोजावी, एवढीच आमची विनंति.

गेल्या रविवारीं भाचीनें आम्हांस सतरंजीवर बसविलें. ती पत्ते पिशीत होती. आम्हीं "थांब" म्हटलें. चौकटचा सत्ता निघाला. तिनें पुन्हा पिसले, आम्ही बऱ्याच उशिरां थांबविलें. पुन्हा चौकटचा सत्ता. रहस्य आमच्याच पुस्तकांतलें, तरी क्षणभर आम्ही चकलों. तिचे दोन्ही हात सतरंजीवर उघडे होते.