मागच्या जिन्याची वास्तुकला

वास्तुकलेवर आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुतेक दर्शनी बाजूने लिहिले जाते. कमानी, मनोरे, दगडातली कारागिरी यांच्यापाशी समीक्षकाची लेखणी थांबते. त्या वास्तूत पाणी कोणी भरले, अन्न कोणत्या वाटेने आत गेले आणि मैला कोणत्या वाटेने बाहेर पडला, हे प्रश्न सौंदर्यविचाराच्या बाहेरचे मानले जातात. माझे म्हणणे नेमके उलटे आहे. राबणारा माणूस नजरेआड राहावा म्हणून ज्या घरात स्वतंत्र वाट बांधली जाते, त्या घराची रचना त्या वाटेवाचून समजूच शकत नाही.

मी मढला राहतो आणि उपनगरातल्या एका महाविद्यालयात शिकवतो. मढचे बंगले चित्रपटांच्या आणि मालिकांच्या चित्रीकरणासाठी भाड्याने जातात. पुढे हिरवळ, दाराशी खांब, दिवाणखान्यातून वर चढणारा रुंद जिना, ही पडद्यावरच्या श्रीमंत घराची ठरलेली खूण. या थाटाचा बराचसा वारसा इंग्लंडातल्या जमीनदारांच्या ग्रामीण हवेल्यांकडे जातो. माझी आई येथल्या बंगल्यांत धुणीभांडी करीत असे. तिला घर मोरीकडून ठाऊक होते. तिची अक्षरओळख नव्हती. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. पण वास्तुकलेच्या ग्रंथांतले नकाशे मी वाचू लागलो ते तिच्या बाजूने.

त्या बाजूने पाहिले की इंग्रजी हवेलीचा इतिहास वेगळा दिसतो. मध्ययुगात मालक आणि चाकर एका मोठ्या दालनात जेवत. पुढे त्यांची फारकत होत गेली. सतराव्या शतकाच्या मध्यास रॉजर प्रॅटने बर्कशायरमध्ये कोल्सहिल हाउस उभारले. मधोमध भव्य जिना, आणि चाकरांसाठी मागचे वेगळे जिने. ससेक्समधील अपपार्क येथे तर स्वयंपाकघर आणि तबेले मुख्य घरापासून दूर नेऊन भुयारांनी जोडले होते. एच. जी. वेल्स या लेखकाची आई १८८० ते १८९३ या काळात तेथे हाउसकीपर होती. ती हवेली त्याच्या कादंबरीत आली ती खालून पाहिलेली. १८६४ साली रॉबर्ट कर या वास्तुविशारदाने सद्गृहस्थाचे घर कसे असावे यावर ग्रंथच लिहिला. मालकाचे कुटुंब आणि चाकर यांची वाट परस्परांच्या दृष्टीस पडू नये, हे त्यातले एक मुख्य सूत्र. जे आधी सवयीने होत होते त्याचे आता शास्त्र झाले.

त्याच १८६४ साली पुण्याजवळ गणेशखिंडीत मुंबईच्या गव्हर्नरासाठी एका प्रासादाचे काम सुरू झाले. गव्हर्नर बार्टल फ्रिअर, वास्तुविशारद जेम्स ट्रुबशॉ. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईत कापसाचा पैसा वाहत होता. १८६५ मध्ये तो फुगा फुटला, तरी काम चालू राहिले आणि १८७१ साली पुरे झाले. खर्च १,७५,००० पौंडांवर गेला. ब्रिटिश पार्लमेंटातही या उधळपट्टीवर टीका झाली. प्रासादाचा तोंडवळा राणी व्हिक्टोरियाच्या आइल ऑफ वाइटवरील ऑस्बोर्न हाउसशी मिळताजुळता. तोच इटालियन धर्तीचा उंच मनोरा, त्याच कमानी.

वास्तू देखणी आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. उत्तरेला समारंभाची दालने, दक्षिणेला गव्हर्नरचे निवासस्थान आणि दोहोंना जोडणारी कमानींची, फुलझाडांची ओवरी. पण याच वास्तूला आणखी एक जोडवाट आहे. स्वयंपाकघरातून अन्न आणणाऱ्या नोकरांसाठी बांधलेले भुयार.

कोणी म्हणेल, धूर, वास आणि आगीचे भय यांमुळे स्वयंपाकघर दूर ठेवावे लागे. यात अपमान कसला? युक्तिवाद अर्धाच खरा आहे. धुरामुळे स्वयंपाकघर दूर का, हे कळते. वाट जमिनीखालून का, हे कळत नाही. पावसापासून ताट वाचवायला छप्पर पुरते. छपराची उजेडी वाट कशी बांधावी हे ट्रुबशॉला माहीत होते. गव्हर्नरसाठी ती त्याने बांधलीच. एकाच वास्तूत मालकाची ये-जा फुलांमधून आणि चाकराची अंधारातून, हीच या वास्तूची खरी रचना आहे. आज त्या भुयाराचा उल्लेख एक गूढ, एक गंमत म्हणून होतो. गूढ त्यात काहीच नाही.

येथे एक भेद मात्र स्पष्ट केला पाहिजे. विलायतेत लपविले जात होते ते श्रम. चाकराच्या स्पर्शाचा विटाळ नव्हता; गणवेश चढवून तोच माणूस जेवणाच्या टेबलाशी उभा राहू शकत होता. हा नकाशा हिंदुस्थानात आला तेव्हा त्याला जातीची तयार जमीन मिळाली. साहेबाच्या बंगल्यात न्हाणीघराला बाहेरून वेगळे दार असे, कारण तेथून मेहतर येई. मुंबईच्या जुन्या इमारतींच्या पाठीमागे लोखंडी गोल जिने चढले आणि दोन इमारतींमध्ये हाउसगल्ल्या राहिल्या. या जिन्यांवरून चढणाऱ्याला गणवेश घालूनही पुढच्या दाराने येता येत नव्हते. वर्गाने वाट दिली, जातीने ती कायमची केली. इंग्रज गेला, मागचा जिना आपण ठेवून घेतला. आजच्या टोलेजंग इमारतींत घरकामाच्या बायांना मालकांची लिफ्ट वर्ज्य असते, तेव्हा त्याच जिन्याला वीज जोडलेली असते.

गणेशखिंडीचे नाव आपल्या इतिहासात येते ते २२ जून १८९७ च्या रात्रीमुळे. हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून परतणाऱ्या रँडवर गोळी झाडली गेली. मारणारे आणि मरणारे, दोघांचीही नावे विद्यार्थ्यांना पाठ आहेत. त्या समारंभात राबलेल्या एकाचेही नाव पाठ्यपुस्तकात नाही.

१९४९ साली पुणे विद्यापीठ स्थापन झाले आणि हा प्रासाद त्याची मुख्य इमारत झाला. २०१४ साली विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले. त्याआधी १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कनॉटच्या सन्मानार्थ झालेल्या मेजवानीला जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेषात गेले होते. ज्याच्या कष्टावर मेजवानी उभी होती, तो माणूस त्यांनी पाहुण्यांच्या पंगतीत आणून बसविला. सावित्रीबाईंचे नाव धारण करणाऱ्या वास्तूकडून याहून कमी अपेक्षा कशी ठेवावी?

अपेक्षा फार मोठी नाही. वास्तू पाहायला येणाऱ्यांना मनोऱ्याआधी भुयार दाखवावे आणि ते कोणासाठी, कशासाठी बांधले हे साध्या मराठीत तेथे लिहावे. वास्तुकलेच्या विद्यार्थ्याने कोणत्याही घराचा नकाशा काढताना कचरा नेणाऱ्याची वाट काढावी. आणि आपल्यापैकी ज्यांनी आता स्वतःची घरे बांधली आहेत, त्यांनी कामाला येणारी बाई कोणत्या दाराने आत येते, ते पाहावे.